दुखून राहिलं

बाबा,

तुमचा शेवटचा सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. हे आधी सांगते, कारण शेवटची शिट्टी तुम्हाला ऐकू आली की नाही, याबद्दल दोन मतं आहेत. तुमच्या शेजारी बसलेला साहू म्हणतो, आली. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, ‘टाइम बराबर है’ म्हणालात आणि मग बाकावर एका अंगाला कललात. पंचांचं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही कललेले त्यांना आधी दिसलात आणि म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली. म्हणजे एकाच्या मते सामना संपला आणि तुम्ही गेलात. दुसऱ्याच्या मते तुम्ही गेलात आणि म्हणून सामना संपला. मी दोघांनाही दोनदा विचारलं. दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतकी वर्षं काढल्यावर माणूस घरातल्या मृत्यूबद्दलही असंच विचारतो. कोणी पाहिलं, किती वाजता, किती अंतरावरून. आई म्हणाली, ‘सुतक हाय घरात आन तू पोलिसावानी का विचारून राहिली?’ मला तुमच्या शेवटच्या चोवीस मिनिटांचा हिशोब लागत नव्हता. अजून लागलेला नाही. तो तुमच्यापुढेच मांडते, कारण त्यातली निम्मी माहिती फक्त तुमच्याकडे होती.

तुमच्याबद्दल मी इथं फार सांगणार नाही. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसमध्ये तुम्ही क्लार्क होतात, हजेरी आणि पाळ्या तुमच्या टेबलावरून जायच्या, एवढं पुरे. पण हे सांगायलाच हवं, की मरोदा एकादश हा भिलाईतल्या मरोदा वस्तीचा फुटबॉल क्लब त्याच टेबलावरून चालायचा. इतर क्लबांचा संघ खेळ पाहून निवडला जातो. आपला संघ ड्युटीचा तक्ता पाहून निवडला जायचा. ‘राइट बॅक या हप्त्यात बी शिफ्टले लागला,’ तुम्ही जेवताना गंभीरपणे सांगायचात, आणि दुपारी दोन ते दहा प्लांटमध्ये अडकलेल्या त्या माणसासाठी मी आणि तुम्ही वरणभात थंड होईपर्यंत हळहळायचो. मग तुम्ही कोणाला तरी विनवून त्याची पाळी बदलून घ्यायचात. आई म्हणायची, तिच्या माहेरच्या लग्नासाठी तुम्ही एकदाही कोणाची पाळी बदलली नाही. ते खरं होतं.

पुण्यात नोकरीला लागल्यावर एका सहकाऱ्यानं विचारलं होतं, तुझा क्लब कुठला? मरोदा, म्हटलं. त्याला ते परदेशी वाटलं. ‘कुठल्या लीगमध्ये?’ दुर्ग जिल्हा, म्हटलं. त्यानंतर त्यानं फुटबॉलबद्दल मला काही विचारलं नाही. तुम्हाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की आईनं फोन काढून घेतला.

त्या क्लबावर माझं प्रेम कधी बसलं ते मला नेमकं माहीत आहे, कारण त्या दिवशी तो माझ्यामुळे हरला.

मी अकरा वर्षांची होते. अंतिम सामना, समोर हथखोजच्या कारखान्यांचा संघ. तुम्ही मला आपल्या गोलच्या मागे उभं केलं होतं. तिथून खेळ उलटा आणि जास्त खरा दिसतो, असं तुमचं मत होतं. साहू तेव्हा आपला गोलकीपर होता. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा फटका आडव्या दांड्याला लागून खाली पडला आणि साहूनं चेंडू ओढून बाहेर काढला. पंच अर्ध्या मैदानावर होते. त्यांचे अकरा म्हणाले गोल, आपले अकरा म्हणाले नाही. मग गर्दीतून कोणी तरी ओरडलं, ‘पीछे बच्ची खड़ी है, उससे पूछो.’

तुम्ही आलात. माझ्यासमोर उकिडवे बसलात.

‘बाई, खरं सांग. आत गेल्ता का?’

‘हो.’

‘किती?’

मी हात पसरून दाखवलं. एक वीत.

तुम्ही उठलात आणि पंचांना म्हणालात, ‘गोल है.’ साहूनं हातमोजे काढून जमिनीवर आपटले. ‘काका, बच्ची है! क्या समझती है?’

‘समझती है,’ तुम्ही म्हणालात.

घरी जाताना सायकलच्या दांडीवर बसून मी रडत होते. माझ्यामुळे हरलो, असं म्हणत होते. तुम्ही मरोदा संपेपर्यंत नुसतं पायडल मारलंत. मग म्हणालात, ‘हरलो नोको मनू. हरून राहिलो मन. हरलो मनजे संपलं. पुढच्या इतवारी मॅच हाय का नाई?’ मी म्हटलं, आहे. ‘मंग? आपण हरून राहिलो.’ आणि थोड्या वेळानं: ‘पन वीत नोयती, बाई. चार बोटं होता.’

वीत की चार बोटं, हा वाद आपण पस्तीस वर्षं घातला. मी आले की दुसऱ्या दिवशी चहाला साहू यायचा. हथखोजमध्ये त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, केस पांढरे झालेत, मी शेहेचाळीस वर्षांची आहे आणि तो मला अजूनही बेबी म्हणतो. ‘बेबी ने हरवाया था,’ तो आईला दर वेळी नव्यानं सांगायचा. तुम्ही म्हणायचात, चार बोटं. मी म्हणायचे, वीत. मागच्या दिवाळीत तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, ‘तू मनते तर वीत असन,’ आणि मला ते आवडलं नाही. तुम्ही थकलात असं वाटलं. तुम्हाला मी तसं म्हटलं नाही.

आता त्या शब्दाबद्दल. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे इतरही वाचतील. आपल्याकडे, नागपूरच्या बाजूला आणि तिथून भिलाईत आलेल्या आपल्या घरांत, ‘जाऊन राहिलो’ म्हणजे जात आहे. ‘खाऊन राहिलो’ म्हणजे खात आहे. क्रिया चालू आहे, संपलेली नाही. पुण्याच्या कानाला हे वेगळं ऐकू येतं. तिथं ‘राहिलं’ म्हणजे थांबलं. रडायचं राहिलं, दुखायचं राहिलं. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि ते एकमेकांच्या बरोबर उलटे. मी आयुष्याची पहिली वीस वर्षं एका अर्थानं बोलले आणि पुढची सव्वीस दुसऱ्या अर्थानं.

मी पुण्याला गेल्यावर तुम्ही प्रत्येक सामन्यानंतर पोस्टकार्ड पाठवायचात. मैदानातल्या फळ्यावर तुम्ही निकाल हिंदीत लिहायचात, सगळ्यांना वाचता यावा म्हणून. मराठी फक्त घरात उरली होती, आणि मी घराबाहेर पडल्यावर ती या पोस्टकार्डांत आली. मी डेस्कवर शिकाऊ उपसंपादक होते तेव्हाचं एक कार्ड मला पाठ आहे. ‘आपला नवा लेफ्ट आऊट लय जोरात पळून राहिला.’ ते कार्ड टेबलावर उघडं होतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वाचलं आणि मोठ्यानं विचारलं, ‘पळून राहिला? कुठे राहिला, सासरी?’ सगळे हसले. मीही हसले. नुसती हसले नाही. लाल पेन घेतलं, तुमचं कार्ड बातमीसारखं तपासलं, ‘पळून राहिला’ खोडून ‘धावत आहे’ केलं, समासात खुणा केल्या, खाली लिहिलं, ‘बाबा, लिहिताना तरी नीट लिहा,’ आणि पाकिटात घालून तुम्हाला परत पाठवलं. मला ती गंमत वाटली होती.

पुढचं कार्ड आलं, ‘संघाचा नवा डावा आघाडीपटू वेगाने धावत आहे.’ अक्षर तुमचं होतं. वाक्य माझं होतं.

त्यानंतर तुम्ही लिहिताना ‘राहिला’ कधी लिहिलं नाही. पोस्टकार्डावर नाही, नंतर मोबाइलवर एका बोटानं टाइप करतानाही नाही. बोलताना सगळं पूर्वीसारखं. फोनवर तुम्ही ‘हरून राहिलो बाई’ म्हणायचात आणि दहा मिनिटांनी मेसेज यायचा, ‘दोन गोलांनी पराभव.’ मला वाटायचं, ती सवय लागली. तुम्ही दुखावलात का, हे विचारायचं मनात होतं, आणि ते राहिलं. हा ‘राहिलं’चा तिसरा अर्थ. तो मात्र दोन्हीकडे एकच आहे.

तेराव्या दिवशी साहूला विचारलं. तो म्हणाला, ‘बुरा? अरे बेबी, वो कार्ड तो पूरे टाइम ऑफिस को दिखाया था काका ने. बोले, देखो, बेटी ने करेक्शन करके भेजा है.’ मला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल. तसं झालं नाही.

आणखी एक वाद. दहाएक वर्षांपूर्वी दुर्ग स्टेशनवर मला सोडायला आला होतात. गाडीला उशीर होता. माझं कोणाशी तरी ऑफिसचं बोलणं चाललं होतं, ते तुम्ही ऐकत होतात. फोन ठेवल्यावर म्हणालात, ‘तू पुण्याची होऊन राहिली.’ मी म्हटलं, ‘होऊन राहिले नाही बाबा. झाले.’ तुम्ही माझी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीत. ‘पाहू,’ म्हणालात. एवढंच. त्या ‘पाहू’चं पुढे काय झालं ते आता सांगते.

तुमच्या शेवटच्या सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी फोनवर तुम्ही सहज म्हणालात की छातीत भरल्यासारखं होतं, गॅस असेल, रविवारची मॅच झाली की डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, आज जा. तुम्ही म्हणालात, आज लाइनी आखायच्या आहेत, चुना आणायला पावर हाउसच्या बाजारात जातो. मी चिडले. म्हटलं, ‘निदान दुखायचं राहिलं की मला कळवा.’ हे माझे शब्द आहेत. मी ते पुण्याच्या अर्थानं वापरले आणि तुम्ही पुण्याच्या अर्थानं समजलात, कारण तुम्ही म्हणालात, ‘हो, कळवतो.’

रविवारी मी कामावर होते. सामना साडेतीनला सुरू झाला. पुढचं सगळं फोनमध्ये वेळेसकट आहे.

चार सव्वीस, तुमचा मेसेज: ‘एक शून्य. आपण आघाडीवर आहोत.’

चार अडतीस, तुमचा मेसेज: ‘छातीत दुखून राहिलं.’

चार चाळीस, माझं उत्तर: ‘बरं झालं. आता तिखट कमी खा.’

चार एक्कावन्न, तुमचा मेसेज: ‘एक एक.’

पाच वाजून दोन मिनिटांनी शिट्टी.

चार अडतीसला माझ्यासमोर बाजारभावांचं पान होतं. ते दहा मिनिटांत छपाईला सोडायचं होतं. पण घाई हे कारण नाही. मी तुमचा मेसेज नीट वाचला. तो वाचताना मला त्यात एक चूक दिसली. ‘दुखून राहिलं’ असं होत नाही, ‘दुखायचं राहिलं’ असं हवं. तुम्ही लिहिताना नेहमी शुद्ध लिहायचात, राहिलं की कळवा, असं मीच सांगितलं होतं, तुम्ही कळवलंत. घाईत एक शब्द चुकला असेल. डेस्कवरचा नियम असा, की वाक्याला कमीत कमी हात लावून ते बरोबर करायचं. मी मनातल्या मनात एकच शब्द बदलला. वाक्य बरोबर झालं.

दुखलं तेव्हा तुम्ही तुमच्या भाषेत लिहिलंत. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मी ते दुरुस्त करून वाचलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, ‘कुछ कह नहीं सकते.’ मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. भला माणूस होता.

मग साहू. तो म्हणतो, तुम्ही छाती चोळताना त्यानं पाहिलं आणि विचारलं, ‘काका, चलें क्या?’ तुम्ही म्हणालात, ‘गैस है. सीटी होने दो, फिर चलते हैं.’ मी विचारलं, हे कधी? त्यांचा गोल व्हायच्या आधी की नंतर? ‘याद नहीं, बेबी.’ मी म्हटलं, आठवून सांग, महत्त्वाचं आहे. त्याचे डोळे भरले. ‘उस टाइम मैं गेंद देख रहा था.’

बरोबर आहे. चेंडूच पाहायचा असतो. पण चार चाळीसच्या आधी तुम्ही ‘गैस है’ म्हणाला असाल, तर तो तुमचा निर्णय होता. चार चाळीसच्या नंतर म्हणाला असाल, तर त्यात माझा हात आहे. मला हा क्रम लावता येत नाही. ज्या कामासाठी मला पगार मिळतो तेच हे काम आहे, आणि ते मला जमत नाही.

आणि तुम्ही माझं उत्तर कसं वाचलंत? तुमच्या फोनवर ते उघडलेलं होतं. मुलगी छातीतल्या दुखण्याला ‘बरं झालं’ म्हणते, हे वाचून तुम्हाला काय वाटलं? हसलात का? की लक्षात आलं, की बाई चुकली, तिनं पुण्याचा अर्थ घेतला, आणि आता एका बोटानं हे सगळं कोण समजावणार, म्हणून सोडून दिलंत? की मधे स्वल्पविराम घालून वाचलंत, ‘बरं, झालं’, म्हणजे फोन ठेवताना मी म्हणते तसं, कामात असताना? मी हे वाक्य शंभर प्रकारे वाचून पाहिलं आहे. अकरा मिनिटं तुम्ही काही लिहिलं नाहीत. मग मला स्कोअर पाठवलात. मुलीला जे कळतं ते तिला सांगावं, असं वाटलं असेल.

या तेरा दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. गोंदियाहून काका-काकू आले, शिवनाथ नदीवर अस्थी सोडून आलो, तेरवी झाली. साहूनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की काका शेवटपर्यंत बेबीला मेसेज करत होते. तेव्हापासून आई विचारत होती.

‘त्यायनं तुले काय लिवलं होतं वं?’

‘मॅचचं.’

‘आनखी?’

‘मॅचचंच, आई.’

हे खोटं नव्हतं. तीनपैकी दोन मेसेज मॅचचेच होते. बातमीत असं करता येतं, वाक्य खरं ठेवून माहिती दाबता येते. मी दुसऱ्यांची अशी वाक्यं पकडते. आईला पकडता आलं नाही, किंवा तिनं पकडलं नाही. पण ती रोज विचारायची. चहा गाळताना, दिवा लावताना. ती रडायची नाही, फक्त विचारायची. तुमचं शेवटचं बोलणं तिला हवं होतं आणि ते माझ्याकडे होतं. सोमवारी सकाळी दुर्गहून माझी गाडी होती. रविवारी सामना होता.

मी गेले. साहूनं बाकावर तुमची जागा रिकामी ठेवली होती. तिथं बसू का, असं विचारलं तर म्हणाला, ‘और कौन बैठेगा?’ पोरांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांना तुम्ही टाइम ऑफिसमध्ये होतात हेही माहीत नसणार. आता पाळीचा तक्ता पाहून संघ निवडत नाहीत; प्लांटमध्ये कायमची नोकरी असलेला संघात एकच आहे. साहूनं मला वेळ मोजायला सांगितलं. मी मोजली. दुसऱ्या अर्ध्यात, चार अडतीसला, मी घड्याळावरून नजर काढली आणि मैदानाकडे पाहिलं. तुम्ही तिथून काय पाहत होतात ते पाहायचं होतं. डावीकडून एक पोरगा चेंडू घेऊन निघाला होता. बाकी काही नव्हतं. धूळ, ऊन, आणि पलीकडे प्लांटच्या चिमण्या. त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं.

दोन-शून्यनं हरलो.

फळ्यावर निकाल लिहून साहू माझ्याबरोबर गेटपर्यंत आला. ‘कल जा रही हो?’ हो, म्हटलं. त्यानं खडूचे हात झटकले. मग म्हणाला, ‘बेबी, एक बात बोलूं? उस दिन गेंद अंदर ही थी. मैंने निकाली थी, मुझको मालूम था.’

‘किती आत?’ मी मराठीतच विचारलं.

त्यानं हात वर केला. अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. एक वीत.

पस्तीस वर्षांनी मला दुसरा साक्षीदार मिळाला, आणि ज्याला सांगायचं तो नाही. चालत घरी येताना हेच डोक्यात होतं. मग दुसरी गोष्ट आठवली. त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि जे आहे ते सांग म्हणालात, तेव्हा मला भीती वाटत होती, सगळं मैदान बघत होतं, आणि तरी मी सांगितलं. कारण विचारणारा खरं ऐकायला बसला होता. आई तेरा दिवस तशीच बसली होती.

ती अंगणात लाल भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि फोन काढला.

‘आई, बाबांनी काय लिहिलं होतं ते वाचते.’

तिनं मान हलवली. हात चालूच होता.

‘एक शून्य, आपण आघाडीवर आहोत.’

‘हं.’

‘छातीत दुखून राहिलं.’

हात थांबला. तिला अर्थ लावावा लागला नाही. तो तिला ऐकतानाच कळला.

‘किती वाजता?’

‘चार अडतीस.’

‘मंग तू काय मनलं?’

‘बरं झालं.’

‘काय?’

‘बरं झालं, असं लिहिलं. मला वाटलं, दुखायचं थांबलं.’

‘थांबलं? दुखून राहिलं मनजे थांबलं कसं वं?’

मी समजावायला लागले. तिकडे ‘राहिलं’ म्हणजे थांबलं, बाबा लिहिताना नेहमी तिकडचं लिहायचे, शुक्रवारी मीच कळवायला सांगितलं होतं. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात खुलासा छापतात, तसं ते होतं. मी मधेच थांबले.

‘मंग त्यायनं काय मनलं?’

‘एक एक.’

‘बस?’

‘बस.’

तिनं पुन्हा भाजी घेतली. देठ मोडल्याचा आवाज, पान सुपात पडल्याचा आवाज. माझी चूक नाही, असं ती म्हणाली नाही. माझी चूक आहे, असंही म्हणाली नाही. मी वाट पाहत होते, दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. अर्धी जुडी संपली.

मग तिनं विचारलं, ‘आज काय झालं मॅचचं?’

‘हरलो, आई. दोन-शून्य.’

‘तसं नोको मनू.’ ती सुपाकडेच पाहत होती. ‘ते काय मनत?’

मला माहीत होतं. पण तोंडातून येईना. हा शब्द मी वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांतून काढत आले आहे. माझ्या तोंडी तो शेवटचा कधी होता ते आठवत नाही. पहिल्यांदा अडखळले. आई थांबली. दुसऱ्यांदा नीट म्हणता आलं, आणि तिनं मान हलवून पुढची जुडी सोडली.

तुम्हालाही कळवते, बाबा. दोन-शून्य. आपण हरून राहिलो.